आधी पाणी

सिनेमातला मुलगा कित्येक वर्षांनी घरी परत आलेला असायचा. दारात म्हातारी आई. दोघं एकमेकांकडे बघत राहिलेले, व्हायोलिनं सुरू झालेली, जमिनीवर बसलेल्या बायकांनी पदराची टोकं डोळ्यांपर्यंत नेलेली. आणि नेमक्या त्या वेळी मागच्या खुर्च्यांमधून खणखणीत आवाज यायचा, "अरे, आधी पाणी विचारा त्याला! रडा नंतर!"

सगळा तंबू हसायचा. रडायला म्हणून तिकीट काढून आलेल्या बायका मात्र मागे वळून म्हणायच्या, "या शेटला कुनी तरी बाहेर काढा रं!"

हे आमचे तोलूशेट. पूर्ण नाव तोलाराम. कर्जतच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याला लागून, मध्ये फळ्यांची एक भिंत ठेवून, माझं शिवणाचं. त्यांनी कापड फाडायचं आणि मी शिवायचं, असा आमचा जवळजवळ एकत्र कारभार. भाताची कापणी आटपली की मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा आणि पावसाळा तोंडावर आला की उठायचा. त्या मधल्या दिवसांत आलेला प्रत्येक नवा सिनेमा आम्ही दोघं मिळून बघत असू. म्हणजे सिनेमा मी बघायचो. शेट फक्त पडद्यावरच्या लोकांचं आदरातिथ्य बघायचे.

फाळणीनंतर ते सिंधमधून आले. आधी कल्याणच्या कॅम्पात राहिले, मग पाठीवर कापडाचा गठ्ठा घेऊन गावोगाव हिंडले. नेरळ, चौक, खालापूर, पार डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत. शेताच्या बांधावर बसून साड्या विकता विकता मराठी शिकले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मुंबईचं हिंदी, इकडची मराठी आणि त्यांचं सिंधी 'साईं' हे सगळं एकाच भांड्यात शिजलेलं असायचं. माझी त्यांची ओळख झाली तोवर पाठीवरचा गठ्ठा गेला होता आणि पुढे पोट आलं होतं. सदऱ्याचं माप घ्यायचं तर टेप या हातातून त्या हातात घेण्यासाठी मला त्यांना चक्क मिठी मारावी लागायची. तेवढ्यातही ते मला बजावायचे, "मास्तर, आधी पाणी घे, मग माप."

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेशी माझा संबंध गणवेशापुरताच.

सिंधी घरात पाहुणा आला की त्याच्यापुढे पाणी येतं आणि पाण्याबरोबर पापड. नुसतं पाणी देणं त्यांच्यात कमीपणाचं. तोलूशेटनी ही घरातली रीत दुकानात आणली होती. गादीशेजारी माठ, माठावर पितळी पेला आणि पलीकडे पत्र्याच्या डब्यात भाजलेले पापड. दुकानात पाऊल टाकलंत की तुम्ही पाहुणे. मग तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला आला असा की नुसतं 'पोस्ट कुठं हाय?' विचारायला. पोस्टमन रोज पापड खायचा. म्युनिसिपालटीचा माणूस दुकानाची पायरी रस्त्यात आलीय म्हणून नोटीस घेऊन आला, तोही त्याच पायरीवर बसून पापड खाऊन गेला.

एकदा दहिवलीचा एक गडी साडीचा रंग गेला म्हणून तावातावाने आला. "शेट, तुमी आमाला फसवलं!" असं ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि शेटनी त्यात पापड दिला. आता तोंडात पापड असताना माणसाला भांडता येत नाही. सगळा दम कुरकुर आवाजातच जातो. पापड संपला, पाणी प्यायला, आणि गडी म्हणाला, "बरं, दुसरी दाखवा."

लोकांना वाटायचं, ही धंद्यातली हुशारी. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण एखादं गिऱ्हाईक घाईत असलं आणि पाणी न पिताच निघालं, तर शेट अस्वस्थ व्हायचे. कापडाची घडी अर्धवट टाकून, पेला हातात धरून, ते एवढं पोट सावरत त्याच्यामागे स्टेशनच्या रस्त्याला लागायचे. त्याने काही विकत घेतलेलं असो वा नसो. निम्मं पाणी धोतरावर सांडायचं. "गाडी चुकंल, शेट!" असं तो ओरडायचा आणि हे म्हणायचे, "एक घोट, साईं, एकच घोट!"

निर्वासितांचा सिनेमा लागला की मात्र ते खुर्च्या सोडून पुढे जमिनीवर जाऊन बसायचे. त्या काळी असे सिनेमे अधूनमधून यायचेच. पहिल्यांदा एक हसतंखेळतं गाव, मग जाळपोळ, मग माणसांनी खच्चून भरलेली आगगाडी, मग छावणी आणि शेवटी हरवलेल्या भावाबहिणींची भेट. आम्ही दोघंही त्यात चुका काढायचो. माझ्या चुका कपड्यांच्या. सिनेमातल्या निर्वासितांचे सदरे नेमके खांद्यावरच फाटायचे आणि तेही कात्रीने, सरळ रेषेत. आठवडाभर गाडीत बसलेल्या बाईच्या पोलक्याची इस्त्री मोडलेली नसायची. शेटना कपड्यांचं काही नव्हतं. ते गाडीच्या डब्याकडे टक लावून बघायचे आणि पुटपुटायचे, "गाणं म्हणतात बघ. त्या गाडीत घशातून आवाज निघत नव्हता." आणि थोड्या वेळाने, "सगळे चांगले. बघ मास्तर, डब्यात सगळेच चांगले. एकही हरामखोर नाही."

"अहो, बिचारे लुटले गेलेले लोक. त्यांना कशाला हरामखोर दाखवतील?"

"तेच म्हणतो मी," ते म्हणायचे आणि परत डब्याकडे बघायला लागायचे.

पुस्तकांचीही तीच गत. वाचनालयात निर्वासितांवरची एक जाडजूड कादंबरी आली होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ती फळ्यांच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचायचो. नायिका छावणीत चंद्राकडे बघत बसायची, असं पानोपानी होतं. तिकडून आवाज यायचा, "कॅम्पात चांद बघायला कोण जागत होतं? ढेकूण सोडत नव्हते." वाचून संपली तेव्हा मी विचारलं, "कशी वाटली?" शेट म्हणाले, "चांगली आहे. फक्त एवढ्या मोठ्या किताबात कुणाला तहान नाही लागली."

मग एका उन्हाळ्यात खरीखुरी सिनेमा कंपनीच आमच्याकडे आली. खोपोलीच्या रेल्वेफाट्यावर तेव्हा कोळशाचं इंजिन धावायचं, आणि जुन्या काळची गाडी दाखवायला त्यांना तसं इंजिन हवं होतं. पळसदरीला त्यांनी चार जुने डबे उभे केले, त्यांना इंजिन जोडलं आणि डबे भरायला माणसं गोळा करायला सुरुवात केली. सिनेमा निर्वासितांचा होता. शेटना ही बातमी कळली तेव्हा ते मीटरने कापड मोजत होते. मोजता मोजता थांबले आणि समोरच्या बाईला चांगलं हातभर कापड जास्त गेलं.

मलाही काम मिळालं. कपडे जुने दिसतील असे फाडायचे आणि ठिगळं लावायची. आयुष्यभर जे लपवायला शिकलो ते आता मुद्दाम दिसेल असं करायचं होतं.

पहिल्या दिवशी गंमतच झाली. आसपासच्या गावांतले लोक सकाळीच आले, पण फोटो निघणार म्हणून एकेक जण ठेवणीतले कपडे घालून. बायका लग्नातल्या साड्या नेसलेल्या, डोक्यात अबोलीचे गजरे. बाप्ये कोऱ्या टोप्या घालून, केसांना तेल चोपडून. निर्वासितांची गाडी कसली, कुणाचं तरी वऱ्हाडच चाललंय असं वाटत होतं. दिग्दर्शक मुंबईचा, तरुण, दाढीवाला. त्याने कपाळावर हात मारला आणि मला म्हणाला, "मास्तर, हे सगळं फाडा." मी कात्री घेऊन पुढे झालो. त्यातली निम्मी पोलकी माझ्याच हातची. बायका म्हणाल्या, "मास्तर, कात्री लावून तर बघ. हातच मोडतो का नाय बघ!" शेवटी कंपनीच्या पेटीतले जुने कपडे वाटले तेव्हा कुठे वऱ्हाडाचे निर्वासित झाले.

आणि तोलूशेट? त्यांनी सांगितलं, "साहेब, मी खरा आहे. मी त्या गाडीत होतो." दिग्दर्शकाने त्यांना खालून वर आणि मग मध्ये जरा जास्त वेळ पाहिलं. म्हणाला, "शेटजी, माफ करा, पण तुम्ही निर्वासित वाटत नाही."

शेट मुकाट्याने बाजूला झाले. पण घरी गेले नाहीत. दुकान ईश्वरीभाभींवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर टाकून, ते रोज पळसदरीला यायचे. सगळ्यांना पाणी पाजायचे, पापड वाटायचे. गाठोडं कसं धरायचं ते लोकांना दाखवायचे. "असं नाही, बाई. बाजाराला जातेस तसं नाही. आतलं कुणी ओढून घेईल असं धर." ते गाठोडं छातीशी धरून दाखवायचे तेव्हा हसणारे लोक गप्प व्हायचे. 

एक दिवस त्यांनी दिग्दर्शकाला गाठलंच. मी तिथेच एका धोतराला चिखल लावत होतो.

"साहेब, एक गोष्ट टाका पिच्चरमध्ये. छोटी आहे. गाडीत एक माणूस आहे. त्याच्याकडे पाणी आहे. समोरचा मागतो. आणि हा देत नाही."

"का देत नाही?"

"नाही देत. संपलं म्हणतो."

दिग्दर्शक हसला. चांगला माणूस होता, पण घाईत होता. "शेटजी, लोक त्या माणसाला मारायला उठतील."

"उठू दे ना."

"आणि मग गाडीतल्या बाकीच्यांसाठी कोण रडेल? निर्वासित असा नाही दाखवता येत." एवढं बोलून तो इंजिनाकडे गेला. मला वाटलं, हा शेटचा नेहमीचाच चक्रमपणा. लोक हवा तो हट्ट धरतात, यांनी पाण्याचा धरलाय.

पण त्या बोलण्याचा परिणाम म्हणा किंवा रोजच्या पापडांचा, दिग्दर्शकाला त्यांची दया आली. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "बसवा शेटजींना आत. पण पोट झाका." दिग्दर्शकाच्या मदतनीसाने त्यांच्या मांडीवर एक मातीची सुरई ठेवली आणि वर टाकायला काही मिळेना. तेव्हा शेटनी स्वतःच्या पिशवीतून एक गोधडी काढली. ती मला ठाऊक होती. दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवर घडी करून ठेवलेली असायची. तिला ते रल्ली म्हणत. सिंधमधून आणलेली, रंगीत तुकड्यांवर तुकडे बसवून बारीक धावदोऱ्याने शिवलेली. मी एकदा शिवण बघायला मागितली होती तर त्यांनी हात लावू दिला नव्हता. आता तीच त्यांनी सुरईवर घातली.

मदतनीसाशी त्यांचं वाजलंही. सुरई रिकामी होती. "दिसणारच नाही, तर भरायची कशाला?" तो म्हणाला. शेट हटून बसले. "रिकामी मी मांडीवर घेणार नाही." मग मीच जाऊन ती भरून आणली.

समोरच्या बाकावर धाकूआजी बसली होती. पळसदरीची म्हातारी, काठीसारखी वाळलेली, अवघ्या कंपनीची लाडकी. रड म्हटलं की लगेच रडायची, फक्त थांब म्हटल्यावर थांबायची नाही. उन्हाने डबा तापून निघाला होता. ओठ कोरडे दिसावेत म्हणून सगळ्यांच्या तोंडाला पांढरी पावडर लावली होती आणि पाणी प्यायला मनाई होती. काही ना काही बिघडत होतं, थांबावं लागत होतं. शेवटी भोंग्यातून हुकूम आला, इंजिनाने शिट्टी दिली, कॅमेरा सुरू झाला. सगळ्यांनी नुसतं शून्यात बघायचं होतं.

तेवढ्यात धाकूआजी पुढे वाकली. ती काही नाटक करत नव्हती. तिला तहान लागली होती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "शेट, पानी हाय का रं तुझ्याकं?"

मी खिडकीबाहेर उभा होतो, मला शेटचा चेहरा दिसत होता. तो पांढराफटक पडला. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी रल्ली अशी ओढली की एका बाजूचा टाका उसवला, सुरई उचलली आणि दोन्ही हातांनी म्हातारीच्या तोंडाला लावली. ती घटाघट प्यायली. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळत होतं, तरी यांनी सुरई खाली घेतली नाही. बाकीच्यांनी ते पाहिलं आणि डब्यात एकच गलका झाला, "शेट, आमालाबी! शेट, हिकडं!"

भोंग्यातून ओरडा झाला. शॉट फुकट गेला, सगळ्यांची पावडर पुसली गेली. दिग्दर्शक नको नको ते बोलला. शेट खाली उतरले, रल्लीची घडी घातली आणि माझ्याबरोबर चालत कर्जतला आले. वाटभर एवढंच म्हणाले, "प्यायली ना रे ती नीट?"

पुढच्या मोसमात तो सिनेमा तंबूत लागला. पहिल्या खेळाला तालुका लोटला होता. आपापलं तोंड बघायला आलेले लोक एकमेकांच्या खांद्यावर चढत होते. गाडी आली, शिट्टी झाली, डब्याच्या आतला भाग दिसला, आणि काय सांगू, त्यांनी तो फुकट गेलेला तुकडाच ठेवला होता. धाकूआजी पुढे वाकते. जाडा माणूस तिच्याकडे बघतो. मग सुरई उचलतो आणि तिला पाजतो. मागे सारंगी.

तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. शिट्ट्या, टाळ्या. "शेट! आपला शेट! देवमाणूस!" शेजारच्या बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसत होतो, खोटं कशाला सांगू. वळून बघतो तर शेट उभे राहिले होते.

"झूठ आहे!" ते ओरडले. "असं नव्हतं झालं! झूठ आहे हे!"

लोकांना वाटलं, हा नेहमीचाच खेळ. सगळे हसले. शेट लोकांचे पाय तुडवत बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी माझ्यापुढे पाणी ठेवलं, पापड ठेवला आणि माठाकडे बघत बोलायला लागले.

"ईश्वरीला ताप होता, मास्तर. गाडी रेतीतून चालली होती. सुरई माझ्या मांडीवर, वरून रल्ली. समोर एक अम्मा होती, एकटीच. तिने गाठोड्यातून पापड काढला. एकच होता. मोडून अर्धा ईश्वरीच्या हातात दिला. आमच्यात पापड आणि पाणी वेगळं नसतं. पापड तिने दिला. पाणी मी द्यायचं. तिने लगेच मागितलं पण नाही. बघत बसली. मग म्हणाली, 'पुट, बेटा, पाणी आहे का?' मी म्हटलं, 'संपलं, अम्मा.'"

ते थांबले. 

"गाडी हलायची तसं रल्लीखाली पाणी वाजत होतं. तिला ऐकू येत होतं, साईं. ती म्हणाली, 'असू दे.' आणि उरलेला अर्धा पापड पण ईश्वरीला दिला. म्हणाली, 'मला कोरडा जात नाही.'"

"मग?"

"मोठं स्टेशन आलं. तिथे नळ होता, लोक बादल्या घेऊन उभे होते. सगळे एकदम उतरले. मी सुरई भरून तिला शोधायला लागलो. पूर्ण फलाट फिरलो. प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघितलं." त्यांनी माठावर पेला ठेवला, उचलला, परत ठेवला. "त्या पाण्यावर ईश्वरी जगली. चूक केली असं पण म्हणता येत नाही मला. आणि आता सगळ्या कर्जतला वाटतं मी पाणी दिलं. उद्या पुण्याला, नाशिकला लोक बघतील. जाड्या माणसाने पाणी दिलं. तिला कोण सांगणार?"

दुकानाच्या मागच्या बाजूला ईश्वरीभाभी पापड भाजत होत्या. त्यांना हे ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं या माणसाचा पापड मी धंद्याची युक्ती समजून खात होतो. 

त्यानंतर तंबूत त्यांचा आवाज कधी आला नाही. पडद्यावर मुलगे घरी यायचे, आया रडायच्या आणि कोणी पाणी विचारलं नाही तरी मागच्या खुर्च्या गप्प असायच्या. लोकांनाही चुकल्यासारखं व्हायचं. पण तो सिनेमा होता तोवर शेट रोज पहिल्या खेळाला जायचे, पुढे जमिनीवर बसायचे आणि गाडीचा प्रसंग झाला की उठून घरी यायचे.

मग कर्जतचा मुक्काम संपला आणि सिनेमा चौक गावच्या तंबूत गेला. दुसऱ्याच दिवशी दुपारी मला शेट एस.टी.च्या रांगेत दिसले. इस्त्रीचा सदरा, काखेत छत्री, हातात पापडांचा पुडा.

"कुठे, शेट?"

"चौकला."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, तुम्हीच म्हणता खोटं आहे. मग रोज रोज कशाला बघायचं?"

गाडी लागली. शेटनी आधी पुडा आत दिला, मग दांड्याला धरून स्वतःला वर ओढलं आणि पायरीवरून मागे वळले.

"खोटं तर आहेच," ते म्हणाले. "पण ती पिते ना, मास्तर."